शाकारणीचा काळ

कोकणात पावसाळ्यापूर्वी घरावरील कौले उतरवून ती पुन्हा नीट घालण्यास 'शाकारणी' म्हणतात. या शब्दात क्रियेबरोबर ऋतूही अंतर्भूत आहे.

ही कालनिश्चिती सकारण आहे. जुनी नळीची कौले केवळ स्वतःच्या भाराने टेकलेली असतात; वारा, माकडे, मांजरे यांमुळे ती सरकतात. माघात शाकारणी उरकल्यास आगोटीपर्यंत ती पुन्हा विस्कटण्याचा संभव असतो. ज्येष्ठावर ढकलल्यास पहिल्याच सरीत घर उघडे सापडते. म्हणून वैशाख योग्य ठरतो. त्या वेळी वासे व रिपा वाळलेल्या असतात, कुजके लाकूड बदलता येते, आणि ७ जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृग नक्षत्रापूर्वी काम पुरे होते.

१८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौले खाचांनी एकमेकांत अडकतात. त्यामुळे दरवर्षीच्या शाकारणीची निकड कमी झाली. पत्र्याच्या छपराखाली तर तिचे प्रयोजनच उरत नाही. अशा स्थितीत कोशकाराने 'छप्पर घालणे' एवढाच अर्थ नोंदविल्यास शब्द राहील, पण त्यातील वैशाख निसटेल.