ऑर्काची आजी

ऐका बाळांनो. 1961 साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅम्पबेल रिव्हर नावाच्या गावाजवळ, सरकारच्या मत्स्यखात्यानं समुद्राकडे तोंड करून एक मशीनगन बसवली. शत्रू कोण होता? ऑर्का. पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्यामागं पांढरा ठिपका. तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती की हा राक्षस आमचे सॅल्मन मासे फस्त करतो. (आपल्या बाजारात रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, त्याचा आणि या माशाचा काही संबंध नाही बरं का.) नशिबानं ती गन एकदाही चालली नाही. पण लोकांच्या खासगी बंदुका चालत होत्याच. पुढं जे ऑर्का जिवंत पकडले गेले, त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर गोळ्यांच्या जुन्या खुणा सापडल्या.

या प्राण्याला लोक देवमासा म्हणतात, पण त्याचं कूळ डॉल्फिनचं. त्या कुळात सगळ्यात थोराड हाच. नराच्या पाठीवरचा पर तर सहा फुटांपर्यंत उभा राहतो. एवढ्या ताकदीच्या प्राण्याला कोण शिकवतं, काय खायचं, कुठं जायचं? आता जी गोष्ट सांगतो, तिच्यात याचं उत्तर आहे.

1970 च्या मार्चमध्ये व्हँकूव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला, पेडर बेमध्ये, पाच ऑर्का जाळ्यात सापडले. दोघांना मत्स्यालयात नेलं, तिघं खाडीतच जाळ्याआड राहिले. पकडणाऱ्यांनी त्यांच्यापुढं ताजे मासे टाकले. एकानंही तोंड लावलं नाही. आठवडे गेले. फासळ्या दिसायला लागल्या. अडीच महिने असे गेले आणि त्यांतली एक मादी मेली. त्यानंतर कुठं उरलेल्यांनी सॅल्मन खाल्ला. कोणाला कळेना, समोर अन्न असताना हे उपाशी का मरतात?

कळलं ते पुष्कळ वर्षांनी. त्या समुद्रात ऑर्कांची दोन वेगळी घराणी नांदतात. एक फक्त मासे खातं, त्यातही आवड चिनूक जातीच्या सॅल्मनची. दुसरं सील आणि सीलायन मारून खातं आणि शिकारीच्या वेळी चिडीचूप असतं, कारण सीलला कान असतात. पाणी एकच, पण दोघांत ना रोटीव्यवहार ना बेटीव्यवहार. पेडर बेमधले ते बिचारे सील खाणारे होते. लहानपणी आईनं, आजीनं जे भरवलं तेच अन्न. बाकी सगळं त्यांच्या लेखी अन्नच नव्हतं. मला विचाराल तर ऑर्काबद्दल याहून मोठी गोष्ट कोणी सांगितलेली नाही. पुढं एका रात्री कोणीतरी जाळं बुडवलं, ते दोघं निसटले आणि पुन्हा पूर्वीसारखे सील मारायला लागले.

हे सगळं उलगडायला मायकेल बिग हा शास्त्रज्ञ कारणीभूत झाला. 1971 मध्ये कॅनडा सरकारनं त्याला ऑर्का मोजायला सांगितलं. लोकांना वाटत होतं, हजारो असतील. बिगनं पाठीवरच्या परांचे फोटो जमवले. कोणाच्या पराला खाच, कोणाच्या पाठीवरचा करडा डाग निराळा. असा एकेक ओळखून हिशेब केला तर ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगत तीन-साडेतीनशेच भरले! जॉन फोर्ड या दुसऱ्या शास्त्रज्ञानं पाण्यात मायक्रोफोन सोडले आणि त्याच्या ध्यानात आलं की मासे खाणाऱ्यांच्या प्रत्येक कुळाची बोली वेगळी आहे. मालवणचा माणूस तोंड उघडताच कळतो ना, तसं आवाज ऐकला की ऑर्का कुठल्या घरचा ते कळतं.

धाकटी विचारतेय, यांचे बाबा कुठं असतात? दुसऱ्या कुटुंबात, आपल्या आईजवळ! मासे खाणाऱ्या या घराण्यात मुलगे जन्मभर आईला सोडत नाहीत, मुलीही नाहीत. नर दुसऱ्या कुटुंबातल्या मादीला भेटतो आणि परत आईकडे येतो. आई मासा पकडून त्याचा तुकडा या टनावारी वजनाच्या लेकाला देते. हसू नका. तीस वर्षांचा नर आईविना पडला, तर पुढच्या वर्षात त्याच्या मरणाची शक्यता कित्येक पटींनी वाढते, असं संशोधकांनी नोंदींवरून दाखवलंय.

आणि आजी? चाळिशीच्या आसपास मादीला पिल्लं होणं थांबतं, पण त्यानंतरही ती कित्येक दशकं जगू शकते. प्राण्यांत हे फार दुर्मीळ. निसर्ग फुकट कोणाला पोसत नाही, मग हिला का पोसतो? ज्या वर्षी सॅल्मन कमी असतात, त्या वर्षी कळपाच्या पुढं म्हाताऱ्या माद्याच जास्त दिसतात. कुठल्या खाडीत, कुठल्या मोसमात मासा मिळेल हे त्यांच्या डोक्यात असतं. आजी गेली की नातवंडं दगावण्याचं प्रमाण वाढतं.

आता दुःखाचा भाग. 8 ऑगस्ट 1970. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पेन कोव्ह नावाची खाडी आहे. बोटींनी, विमानानं, पाण्यात फटाके फोडून ऐंशीच्या आसपास ऑर्का तिथं कोंडले. विक्रीला पिल्लंच हवी होती, कारण ती न्यायला सोपी आणि शिकवायला सोपी. सात पिल्लं उचलली. जाळ्यात अडकून चार पिल्लं आणि एक मोठी मादी बुडून मेली. हे उघडकीस येऊ नये म्हणून त्यांची पोटं फाडून दगड भरले आणि त्यांना तळाशी ढकललं. नोव्हेंबरात त्यांतली काही कलेवरं किनाऱ्याला लागली.

त्या सातांतली एक चारेक वर्षांची मादी फ्लोरिडात, मायामीच्या सागरी उद्यानात गेली. तिचं नाव टोकिटे. खेळात तिला लोलिता म्हणत. टाकीची लांबी ऐंशी फूट, सर्वांत खोल ठिकाणी पाणी वीस फूट, आणि ही पूर्ण वाढल्यावर स्वतःच वीस फुटांची. सोबतीला ह्यूगो नावाचा नर होता, तिच्याच समाजातला. तो भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. 1980 मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तो मेला. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं तिनं दुसरा ऑर्का पाहिला नाही. तिच्या मूळ समुद्राकाठच्या लुम्मी लोकांनी तिला आपली नातेवाईक मानून परत मागितलं. 2023 च्या मार्चमध्ये तिला घरी न्यायचं ठरलंही. 18 ऑगस्टला ती गेली. लुम्मी लोकांनी तिची रक्षा तिच्याच समुद्रात सोडली.

टाकीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचंही ऐकून घेऊ. ते म्हणतात, बंदूक रोखणाऱ्या माणसाला ऑर्काचं प्रेम लागलं ते टाकीतला ऑर्का जवळून पाहिल्यावरच. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ते काम साठच्या दशकात झालं. मोकळ्या समुद्रात ऑर्कानं माणूस मारल्याची एकही पक्की नोंद नाही. टाकीतल्या टिलिकम नावाच्या ऑर्काच्या हातून तीन माणसं गेली, 2010 मध्ये त्याची अनुभवी प्रशिक्षिकाही. अमेरिकेतल्या सीवर्ल्ड कंपनीनं 2016 मध्ये टाकीत ऑर्काची पैदास बंद केल्याचं जाहीर केलं. 2019 मध्ये कॅनडानं त्यांना पाळण्यावरच कायद्यानं बंदी आणली.

मग सगळ्यांना सोडून द्यायचं का? इथं थोरला बरोबर शंका काढेल. सिनेमात गाजलेल्या केइको नावाच्या ऑर्काला पकडल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी आइसलँडला परत नेलं. तो समुद्रातून नॉर्वेपर्यंत पोहत गेला, पण कुठल्याच कळपात सामील झाला नाही आणि 2003 मध्ये न्यूमोनियानं मेला. उलट स्प्रिंगर! दोन वर्षांची पोरकी पोर, 2002 मध्ये सिएटलजवळ एकटीच फिरत होती. तिच्या बोलीवरून तिचं कूळ ओळखलं, उत्तरेला तिच्या नातलगांच्या वाटेवर नेऊन सोडलं. त्यांनी तिला घेतलं. 2013 मध्ये ती स्वतः आई झाली. तेव्हा ज्यांना बाहेर ओळखीचं कूळ नाही, त्या टाकीतच जन्मलेल्यांना उघड्या समुद्रात ढकलणं म्हणजे खूनच. त्यांना खाडीतल्या मोठ्या जाळीत ठेवावं, खाऊपिऊ घालावं, डॉक्टर द्यावा. नवीन मात्र एकही पकडू नये आणि टाकीत जन्मू देऊ नये.

आपल्या देशानं या बाबतीत वेळेवर शहाणपण दाखवलं. ठिकठिकाणी, महाराष्ट्रातसुद्धा, डॉल्फिन पार्क काढायचे बेत चालले होते. 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना कळवलं की खेळांसाठी डॉल्फिन किंवा देवमासे डांबायला परवानगी देऊ नका.

आपली कितीतरी मराठी माणसं आता सिएटलच्या आसपास राहतात. उद्या तुम्ही तिकडं गेलात, तर टाकीतल्या खेळाचं तिकीट काढू नका. सॅन हुआन बेटावर लाइम किल्न पॉइंट म्हणून जागा आहे. उन्हाळ्यात तिथं खडकावर बसा, दुर्बीण आणि डबा बरोबर न्या. पेन कोव्हमधून वाचलेल्यांची नातवंडं-पतवंडं कधीकधी अगदी किनाऱ्याजवळून जातात. आता ती जेमतेम पाऊणशेच्या घरात उरली आहेत, त्यामुळे दिवसभर बसूनही कोणी दिसलं नाही, तर चिडू नका आणि बोटीनं त्यांच्या मागं लागू नका.