मुरगावच्या धक्क्यावरून एका दिवसाचा गोवा

पावसाळा सरून अरबी समुद्र निवळला म्हणजे मुरगाव बंदराच्या धक्क्याला, एरवी कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांच्या वर्दळीत बुडालेल्या त्या धक्क्याला, देशोदेशींचे प्रवासी घेऊन येणारी मोठमोठी पर्यटनजहाजे लागू लागतात. पहाटे बंदराचा पायलट जहाजावर चढून त्याला धक्क्याशी आणतो, पारपत्रे आणि जकात यांचे सोपस्कार उरकतात, आणि न्याहारी आटोपून शिडी उतरलेल्या प्रवाशांना बसगाड्यांत बसवून गोवा दाखवायला नेले जाते, ते संध्याकाळी जहाज सुटण्याच्या वेळेपूर्वी परत आणून पोचवण्याच्या हमीवरच. हाती उरतात ते जेमतेम सात-आठ तास. एवढ्या मुदतीत साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अंमलाचा आणि त्याहूनही जुन्या लोकजीवनाचा हा मुलूख काय दाखवणार, असा प्रश्न पुष्कळ लोक करतात. माझे मत असे की एक दिवस पुरेसा आहे. अपुरी पडते ती त्या दिवसाची योजना. चर्च, देऊळ, बाजार आणि समुद्रकिनारा ही सुटी सुटी चित्रे प्रवाशापुढे टाकली जातात आणि ती चित्रे ज्या एका कथेत बसतात ती कथा मात्र सांगायची राहून जाते.

ती कथा जुन्या गोव्यात पोचल्यावर सुरू होत नाही. तिचा आरंभ वाटेतच, कुठ्ठाळीला होतो. धक्क्यावरून निघालेली बस वास्को आणि दाभोळी मागे टाकून झुआरी नदीकडे उतरते तेव्हा उजव्या-डाव्या हाताला पसरलेला हा गाव म्हणजे प्राचीन कुशस्थळी, आणि श्रीमंगेशाचे मूळ स्थान याच गावात होते. १५१० साली अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे शहर जिंकले, पुढे साष्टी आणि बारदेश हे महालही पोर्तुगिजांकडे गेले, आणि धर्मांतराचा व देवळे पाडण्याचा सपाटा सुरू होताच येथील महाजनांनी १५६० साली देवाचे लिंग उचलून नदीपार, अंत्रुज महालातील प्रियोळ येथे नेले. नदीपलीकडचा तो प्रदेश त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. म्हणजे ज्या सत्तेकडून शहर हिरावले गेले होते, तिच्याच छत्राखाली कुठ्ठाळीच्या देवाला आश्रय मिळाला. पुराणांत अघनाशिनी या नावाने ओळखली जाणारी ही नदी आता तारांच्या आधाराने तोललेल्या भव्य मनोहर सेतूवरून काही क्षणांत ओलांडली जाते. बसमधील प्रवासी त्या पुलाची छायाचित्रे घेण्यात गुंतलेले असतात. मार्गदर्शकाने तोंड उघडावे ते नेमके याच जागी. कारण येथे जे सांगितले जाईल त्याच्यावर पुढच्या दिवसभराचा अर्थ अवलंबून आहे.

जुन्या गोव्याला समुद्रमार्गे आलेल्या माणसाने खरे म्हणजे मांडवीच्या बाजूनेच पोचायला हवे, कारण लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीकाठी उतरून ज्या कमानीखालून शहरात प्रवेश करी, ती वास्को द गामाच्या पणतवाने उभारलेली कमान अजून तेथे आहे. शहर मात्र उरलेले नाही. लिस्बनशी ज्याची तुलना होत असे ते हे वैभवशाली नगर पटकी आणि हिवतापाच्या साथींनी ओस पडत गेले, १८४३ साली राजधानीचा दर्जाही अधिकृतपणे पणजीला गेला, आणि घरे, बाजार व वाडे नाहीसे होऊन माडांच्या राईत केवळ मोठाली धर्ममंदिरे उभी राहिली, ज्यांना १९८६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. बॉम जेझूस हे त्यांपैकी सर्वांत अधिक पाहिले जाणारे. जांभ्या दगडाच्या उघड्या, तांबूस दर्शनी भिंतीचे हे चर्च १६०५ साली पूर्ण झाले. चीनच्या किनाऱ्यावर १५५२ साली निधन पावलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव येथे ज्या चांदीच्या पेटिकेत ठेवले आहे ती गोव्याच्या कारागिरांनी घडवली; तिच्याखालची संगमरवरी समाधी तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने धाडलेली, फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराच्या हातची. इटलीचा संगमरवर आणि गोव्याच्या कारागिराची चांदी एकाच ठिकाणी एकमेकांना पेलून आहेत, हे प्रवाशाला दाखवून दिले तर त्याला पुढे पुष्कळ काही आपोआप दिसू लागते. समोरचे से कॅथेड्रल आकाराने भव्य आहे आणि त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळल्याने त्याचा तोल एका अंगाला गेला आहे. तेथे पाव तास पुरे.

वाचवलेला वेळ द्यावा तो जवळच्या टेकडीवरील सेंट ऑगस्टिनच्या मठाच्या अवशेषांना, जेथे बहुतेक सहली जातच नाहीत. धार्मिक संघांना १८३५ च्या सुमारास देशाबाहेर घालवण्यात आले, मठ ओस पडला, छप्पर ढासळले, १९३१ साली दर्शनी भागही कोसळला आणि आज ४६ मीटर उंचीच्या एका मनोऱ्याचा अर्धा देह तेवढा आकाशात उभा आहे. येथील प्रचंड घंटा पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये आजही वाजते. पण या जागेची खरी कहाणी आहे ती जॉर्जियाची राणी केतेवान हिची. धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमाने १६२४ साली शिराझ येथे तिचा छळ करून वध झाला. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणून या मठात जतन केल्या. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात त्या सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणीने त्यांची ओळख पटली, आणि २०२१ साली भारताने त्यांतील काही अंश जॉर्जियाला अर्पण केला. कुठ्ठाळीच्या लोकांनी आपला देव नदीपार नेला, आणि दूर देशीच्या एका राणीचे अवशेष समुद्रापार गोव्यात आले. धर्मापायी सोसलेल्या या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर भेटतात, आणि त्या एकत्र सांगितल्याने कोणाचाही अधिक्षेप होत नाही.

यानंतर बाणस्तारीचा पूल ओलांडून मंगेशी, म्हणजे कुठ्ठाळीहून नेलेल्या देवाचे प्रियोळमधील आजचे स्थान. हा भाग १७६३ साली सोंदेकर राजांकडून पोर्तुगिजांच्या हाती आला आणि नव्या काबिजादीत गणला गेला, पण तोवर मंदिरे पाडण्याचा जुना आवेश ओसरलेला होता. म्हणूनच अंत्रुजातील देवळे टिकली. घुमट, नगारखाना, तळी आणि मजल्यामजल्यांची दीपमाळ पाहून परदेशी प्रवासी थबकतो, कारण सकाळी चर्चच्या दर्शनी भिंतींवर पाहिलेल्या कमानी त्याला येथे देवळाच्या अंगावर दिसतात. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म या गावचा, आणि मराठी माणसाला एवढे एक नाव सांगितले की पुरते. अंग झाकणारी वस्त्रे हवीत आणि गाभाऱ्याचे छायाचित्र नको, हे बसमध्येच बजावलेले बरे. जवळच म्हार्दोळला वेर्ण्याहून आलेल्या म्हाळसेचे स्थान आहे. तेथील घंटा वाजवून खोटी साक्ष देणाऱ्याचा तीन दिवसांत नाश होतो, अशी पूर्वापार समजूत आहे.

परतताना बहुतेक गाड्या आल्या वाटेनेच जातात. ते टाळून कवी बाकीबाब बोरकरांच्या बोरीवरून झुआरी ओलांडावी आणि लोटली, वेर्णे या मार्गाने बंदर गाठावे. म्हणजे सकाळी मंगेशाचे मूळ गाव पाहिलेल्या प्रवाशाला संध्याकाळी म्हाळसेचेही मूळ गाव दिसते आणि दोन्ही स्थलांतरांच्या वाटा त्याच्या चालून होतात. अंतर फारसे वाढत नाही. काजू आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानात काढला जाणारा तास वजा केला तर वेळेचीही तजवीज होते. स्थानिक विक्रेत्याचे पोट त्यावर आहे हे मान्य. पण त्याच्यासाठी धक्क्याजवळच बाजार भरवता येईल, जेथे जहाज सुटेपर्यंत प्रवासी निवांतपणे फिरेल.

आता मुंबईहून निघणाऱ्या जहाजांतून मराठी कुटुंबेही गोव्याला उतरू लागली आहेत. त्यांनी तरी बसमध्ये बसताक्षणी मार्गदर्शकाकडे आग्रह धरावा: कुठ्ठाळीला गाडी थोडी थांबवा, मंगेशाची गोष्ट तेथेच सांगा, आणि ऑगस्टिनचे अवशेष वगळू नका.