बकेटला आधी विचारायचो

मागच्या महिन्यात, सराव परीक्षेच्या आदल्या रात्री, लातूरच्या उद्योग भवन भागातल्या एका क्लासची हॉलतिकिटं निघायची थांबली. मुलांचे फोटो स्क्रीनवर दिसत होते, पण तेच पीडीएफमध्ये घ्यायला गेलं की ब्राउझर अडवायचा. त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो; दीड वाजता नांदेडला बसून कारण सापडलं. आमच्याकडच्या नव्या मुलाने निकालाच्या पानासाठी बकेटवर, म्हणजे फोटो ठेवलेल्या ऑनलाइन साठ्यावर, कॉर्सचा एक नियम लिहिला होता आणि आधीचे चार गेले होते. तिथे नवं लिहिलं की जुन्यात भर पडत नाही, अख्खी पाटी पुसून नवी लिहिली जाते. आधी काय आहे ते त्याने वाचलंच नव्हतं. एआयने दिलेला तुकडा चिकटवला आणि घरी गेला. मला राग आला नाही, वाईट वाटलं. आधी वाचायची सवय आमच्या ऑफिसात होती.

आमची बकेटं ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत असतात; ती १४ मार्च २००६ ला सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत माझं असं काही नाही. ३१ ऑगस्ट २०१२ ला तिच्यात कॉर्स आलं, तिथून पुढची दहा वर्षं मात्र माझी. एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर वाचायला ब्राउझर मज्जाव करतो. कोणाला मुभा आहे, हे कॉर्सच्या नियमांत त्या दुसऱ्या पत्त्याने सांगायचं असतं.

२०१६ चा तो उन्हाळा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. जूनमध्ये ॲमेझॉनचं डेटा केंद्र मुंबईत सुरू झालं, आणि आम्ही सिंगापूरची बकेटं मुंबईला हलवायला घेतली. फायली कॉपी होतात, नियम मागेच राहतात. माझ्या अहमदपूरच्या सहकाऱ्याने पायथॉनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या: प्रत्येक बकेटला ‘गेट बकेट कॉर्स’ने विचारायचं, उत्तर तारखेसकट फाईलमध्ये ठेवायचं. नियमच नसतील तर रिकामी यादी येत नाही, ‘नो सच कॉर्स कॉन्फिगरेशन’ अशी एरर येते. विचारायची परवानगी नसेल तर ‘ॲक्सेस डिनाइड’. मी दोन्हींना एकच ‘काही नाही’ धरलं होतं. त्याने ते खोडलं. “नाही आणि माहीत नाही, हे एक कसं होईल?” म्हणाला.

त्या याद्यांत काय काय निघालं! बंद पडलेल्या क्लासचा पत्ता, कोणाच्या तरी लॅपटॉपचं लोकलहोस्ट, आणि तीन बकेटांवर नुसता स्टार, म्हणजे कुठल्याही साइटला मुभा. तो स्टार पुण्याहून आलेल्या एका सल्लागाराने लावला होता. एरर गेली, त्याने पैसे घेतले, गेला. कॉर्स म्हणजे कुलूप नव्हे, हे मलाही कळतं, थेट लिंक उघडणाऱ्याला ते थांबवत नाही. पण पोरांच्या फोटोंची बकेट कोणाच्याही पानाला वाचू द्यायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

२०२२ मध्ये सहकारी पुण्याला गेला. त्यानंतर ती स्क्रिप्ट कोणी चालवली नाही, मीही नाही.

हॉलतिकिटं अडली त्या रात्री त्याचीच शेवटची फाईल उघडली. तीन नियम जसेच्या तसे मिळाले. चौथा नंतरचा होता, तो आठवून लिहिला, त्याखाली नव्या मुलाचा पाचवा. सव्वादोनला पहिलं हॉलतिकीट निघालं. फोनवर मुलगा म्हणाला, “सर, ही फाईल कोण ठेवायचं?”