झाकण काढलं की जास्वंद मान का टाकते?

श्रावणात लावलेली जास्वंदीची छाट कलमं कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीखाली महिनाभर टवटवीत होती. कुंडीच्या भोकांतून पांढऱ्या मुळ्याही डोकावल्या. आता जमलं, म्हणून सकाळी बाटली काढली आणि दुपारी बघतो तर सगळी पानं लोंबलेली. अशा वेळी हात आपसूक झारीकडे जातो. नेमकं तेच करू नये.

कोमेजण्याचं कारण मातीत नसतं, पानात असतं. फांदीबरोबर आलेल्या जुन्या पानांवर मेणाचा चांगला थर असतो. बाटलीखाली फुटलेल्या कोवळ्या पानांवर मात्र तो पातळच राहतो. शिवाय पानावरची सूक्ष्म रंध्रं मिटण्यासाठी ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक लागतं. सततच्या दमट हवेत ते कमी तयार होतं आणि रंध्रं मिटण्यात मंदावतात. हे जुन्या पानांच्या बाबतीतही घडतं. बाटलीत आर्द्रता 95 टक्के असेल, तर आणखी बाष्प घ्यायला हवेत जेमतेम 5 टक्के जागा उरते. बाहेर ऑक्टोबरच्या दुपारी आर्द्रता 50 टक्के असली, तर त्याच तापमानाला हवेची ओढ दहापट होते. ती सोसायची उघड्या रंध्रांनी, आणि पाणी पुरवायचं ते केशमुळं नीट न फुटलेल्या चार आखूड मुळ्यांनी! त्यात आपण कुंडी भिजवत राहिलो, की मातीतली हवा जाते आणि त्या मुळ्याही कुजतात.

केळी लावणाऱ्या जळगावकडच्या शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे. ग्रँड नैनची उतिसंवर्धित रोपं बरणीतून थेट शेतात जात नाहीत. बरणीत त्यांना साखरही आयती मिळालेली असते. म्हणून आधी दमट हरितगृह, मग शेडनेट, असे काही आठवडे त्यांचं हार्डनिंग चालतं.

घरी हेच लहान प्रमाणात करता येतं. पहिले दोन दिवस बाटलीचं फक्त बूच काढायचं. मग बाटली संध्याकाळी तासभर उचलायची, कारण तेव्हा ऊन नसतं आणि हवाही निवलेली असते. पुढे वेळ वाढवत सकाळपर्यंत न्यायची. दुपार अगदी शेवटी. कुंडी सावलीतच ठेवायची, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. खत इतक्यात नको. दुपारी मान टाकलेलं रोप संध्याकाळी आपोआप सावरलं, तर काळजी नाही. सकाळीही पानं लोंबलेली दिसली, तर बाटली पुन्हा ठेवायची आणि दोन दिवस मागे यायचं. आठ-दहा दिवस सहज लागतात.

या दिवसांत एखादं कोवळं पान पिवळं पडून गळेल. मला त्याची हळहळ वाटते, पण माझं लक्ष शेंड्याकडे असतं. तिथला नवा कोंब बाहेरच्या हवेतच वाढतो आणि त्याच्या पानावर मेण आधीपासून जाड धरतं. बोटांत धरलं तर ते खालच्या पानापेक्षा टणक लागतं. ते पान पुरतं उलगडलं, की मी बाटली धुऊन पुढच्या कलमासाठी ठेवून देतो.