न खेळलेला खेळ, न वाचलेलं पुस्तक

मी कविता लिहिणारा माणूस. न वाचताच कवितेवर बोलणारे मला नेहमी भेटतात. त्यामुळे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं एक दुःख मला चटकन कळतं.

जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूज वाहिनीवर ‘मास इफेक्ट’ या गेमवर चर्चा झाली. गेम अश्लील आहे, असा एकूण सूर होता. लेखिका कूपर लॉरेन्स यांनी तीच री ओढली. पण आपण तो खेळलेलो नाही, हे त्यांना तिथंच सांगावं लागलं.

गेम खेळणारे चिडले. ॲमेझॉनवर लॉरेन्सबाईंच्या पुस्तकाला त्यांनी शेकड्यांनी एकेकच तारा दिला. पुस्तक मात्र बहुतेकांनी उघडलंही नव्हतं! बाईंचा जो दोष, तोच यांचाही झाला. बाईंनी पुढे तो गेम पाहिला, तेव्हा आपण चुकीचं बोललो, हे त्यांनी मान्य केलं.

याआधी, २००३ मध्ये, सिएटलमधून वेगळं उत्तर दिलं गेलं होतं. गेममुळे पोरं हिंसक होतात, असं वृत्तपत्रांतून लिहिलं जात होतं. ‘पेनी आर्केड’ ही व्यंगचित्रमालिका काढणारे माइक क्राहुलिक आणि जेरी होल्किन्स यांनी वाचकांना आवाहन केलं : इथल्या मुलांच्या रुग्णालयासाठी खेळणी द्या, पैसे द्या. पहिल्याच वर्षी सुमारे अडीच लाख डॉलरची मदत जमली. त्यातून उभी राहिलेली ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था आज अनेक देशांतल्या रुग्णालयांना मदत करते.

गेममध्ये हिंसा असते, त्यावर टीकाही व्हावी. टीका करणाऱ्यानं आधी गेम पाहावा आणि उत्तर देणाऱ्यानं आधी पुस्तक उघडावं, एवढंच माझं म्हणणं.