निविदेतील अट आणि पुरवठादाराचे उत्तर

धामणगाव रेल्वेसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात शासनाशी होणारा नागरिकांचा व्यवहार गेल्या दशकात मोठ्या प्रमाणावर मोबाईलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर आला आहे. सातबारा महाभूलेखवर पाहिला जातो, पिकाची नोंद ई-पीक पाहणीतून होते, दाखल्यांसाठी आपले सरकार सेवा केंद्र गाठले जाते, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकण्यासाठी शेतकऱ्याला कपास किसान या ॲपवर आधी नोंदणी करावी लागते. अशा प्रणालींपैकी अनेक शासन बाहेरच्या कंपन्यांकडून करवून घेते किंवा विकत घेते. त्यामुळे दृष्टिहीन शेतकऱ्याला किंवा हात थरथरणाऱ्या वृद्धेला त्या कोणाच्या मदतीवाचून वापरता येतील की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी निविदा लिहिली जाते त्याच दिवशी होऊन गेलेला असतो.

अपंगत्व असलेल्या व्यक्तीला एखादी वस्तू किंवा सेवा इतरांइतक्याच स्वतंत्रपणे वापरता यावी, या गुणाला सुगम्यता म्हणतात. दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या आधारे, जी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. मात्र ‘अर्ज सादर करा’ या बटणाला प्रोग्राम लिहिणाऱ्याने नावच दिले नसेल, तर ती आज्ञावली केवळ ‘बटण’ एवढेच उच्चारते आणि अर्ज तिथेच अडतो. असा दोष दुरुस्त करायला सुरुवातीला थोडा वेळ पुरतो, पण तीच दुरुस्ती प्रणाली पूर्ण झाल्यावर करायची म्हटली की खर्च आणि टाळाटाळ दोन्ही वाढतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांवर होती, आणि वयामुळे दृष्टी किंवा ऐकू येणे कमी झालेल्यांपैकी कितीतरी जण या मोजणीत आलेलेच नाहीत.

कायद्याची बाजू कागदावर भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या ४२ व्या कलमाने माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. भारतीय मानक ब्युरोने युरोपीय मानकाच्या धर्तीवर आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत तयार केले, ज्याच्या पहिल्या भागात उत्पादनाने काय करावे हे सांगितले आहे आणि दुसऱ्या भागात ते खरोखर होते की नाही हे कसे तपासावे याची पद्धत दिली आहे. २०२३ मध्ये हे मानक अधिनियमाखालील नियमांतही समाविष्ट झाले. तरीही हे नियम बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, हा प्रश्न उरलाच होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५ चा पहिला उपनियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण अधिनियमाला सक्ती अपेक्षित असताना नियमाने ती शिफारशीवर आणली होती, आणि केंद्र शासनाला तीन महिन्यांत किमान बंधनकारक नियम वेगळे काढण्यास सांगितले.

पुरवठादार या सगळ्याला कसे उत्तर देतात, हे समजण्यासाठी खरेदीची रीत पाहावी लागते. दोन लिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफ्यात अटींचा एक तक्ता असतो, ज्यात प्रत्येक अटीसमोर पूर्तता होते की नाही एवढे लिहायचे असते; तांत्रिक टप्पा पार केलेल्यांचे दर मग उघडले जातात आणि सर्वांत कमी दराच्या, म्हणजे कार्यालयीन बोलीत ‘एल-वन’ ठरलेल्या, पुरवठादाराला कार्यादेश मिळतो. ‘प्रणाली सुगम्य असावी’ अशी मोघम अट या तक्त्यात आली की तिच्यासमोर ‘होय’ लिहिण्यास काहीच खर्च येत नाही. उलट ज्या कंपनीने दृष्टिहीन परीक्षकांचे मानधन, प्रशिक्षण आणि फेरचाचणी धरून प्रामाणिक दर भरला, तिचा दर त्या प्रमाणात चढतो आणि काम दुसऱ्याकडे जाते. या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय हाच होय: अट न तपासणारा खरेदीदार बेफिकीर पुरवठादाराला नुसता मोकळा सोडत नाही, तर चांगल्या पुरवठादाराला बाजारातून बाहेर काढतो.

‘होय’ लिहिल्यावर काहीतरी दाखवावे लागते, तेव्हा संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक चिन्ह बसवले जाते, ज्यावर टिचकी मारल्यास अक्षरे मोठी होतात आणि रंग पालटतात. अक्षर मोठे करण्याची सोय ब्राउझरमध्ये मुळातच असते, आणि आतल्या बटणांना नावे नसतील तर या चिन्हाने दृष्टिहीन वापरकर्त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. अशा जोडसाधनामुळे संकेतस्थळ आपोआप मानकाप्रमाणे होते, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर दिशाभूल केल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये तिच्याकडून १० लाख डॉलर वसूल करण्याचे पाऊल उचलले. भारतातील खरेदीदारांनी ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेतच खरेदीच्या अटीने बाजार वळल्याचेही दिसते. तेथील पुनर्वसन कायद्याच्या ५०८ व्या कलमात १९९८ मध्ये दुरुस्ती होऊन संघीय कार्यालयांनी सुगम्य तंत्रज्ञानच घ्यावे, असे बंधन आले. त्याला उत्तर म्हणून २००१ मध्ये उद्योगसंघटनेने एक नमुना तयार केला, ज्यात पुरवठादार प्रत्येक निकषापुढे ‘पूर्ण’, ‘अंशतः’ किंवा ‘नाही’ असे लिहून खुलासा करतो. हा नमुना पुरवठादार स्वतःच भरतो हे त्याचे दुबळेपण असले, तरी ‘अंशतः’ लिहिण्याची मुभा असल्याने खरे बोलायला जागा राहते, आणि एकदा लिहून दिलेले पुढे त्याच्यावर बंधनकारक धरता येते. ॲरिझोना राज्य विद्यापीठाने २००९ मध्ये किंडल डीएक्स हे वाचनयंत्र विद्यार्थ्यांसाठी घेतले, तेव्हा ते पुस्तक मोठ्याने वाचत असे, पण पुस्तक निवडण्याची यादी मात्र मुकी होती. अंधांच्या संघटनांनी दावा लावला, जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या किंडलमध्ये यादीही बोलू लागली. भारतात रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासूनची सर्व नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल कळफलकाची असावीत, असे तारीख देऊन सांगितले, तेव्हा अटीत मोघमपणाला वावच राहिला नाही.

मराठीपुरता आणखी एक प्रश्न आहे, आणि तो केवळ पुरवठादाराच्या माथी मारता येत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, तर कागद छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेली सूचना म्हणजे त्याच्या लेखी कोरे चित्र असते. संकेतस्थळ कितीही नीट बनवले तरी कार्यालयाने त्यावर असेच कागद चढवले, तर सुगम्यता पहिल्याच आठवड्यात संपते.

या प्रणाली केवळ नागरिकांसाठी नसतात, हेही विसरता कामा नये. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या आश्रमात वाढलेल्या दृष्टिहीन माला पापळकर यांनी २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत यश मिळवले. शासकीय नोकरीत ४ टक्के जागा अपंग व्यक्तींसाठी राखीव आहेत. कार्यालयाने घेतलेली आज्ञावली स्क्रीन रीडरशी बोलत नसेल, तर अशा कर्मचाऱ्याची गुणवत्ता शासन स्वतःच्याच खरेदीने वाया घालवते.

धामणगावची नगर परिषद असो की बाजार समिती, पुढील संगणकप्रणाली घेताना निविदेत आयएस १७८०२ चे नाव स्पष्ट लिहावे, ‘होय’ऐवजी निकषवार खुलासा मागावा, चाचणीचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा म्हणजे तो सर्व निविदाकारांना सारखा पडेल, आणि देयकाचा शेवटचा हप्ता प्रत्यक्ष वापराच्या चाचणीनंतरच द्यावा. परीक्षक शोधायला फार लांब जावे लागणार नाही, अमरावतीत डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे, आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्यांना मानधन देऊन बोलावता येईल. त्यांनी दाखला मागण्यापासून शुल्क भरण्यापर्यंतचे काम कोणाचीही मदत न घेता पूर्ण केले की नाही, याचा अहवाल देयकाच्या फाईलला जोडावा, आणि तो नसेल तर लेखापालांनी देयक परत करावे.