मीटर कुठं लपलंय?

भोसरीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये जा आणि मालकाला विचारा, "या व्हीएमसीचा रेट काय?" तो लगेच तासाचा आकडा सांगेल. मशीनचा हप्ता, वीज, टूल, ऑपरेटरचा पगार हे सगळं तासांवर वाटून काढलेला हा आकडा, म्हणजे मशीन अवर रेट. मशीन रात्री बंद राहिलं की मालकाचा जीव खालीवर होतो, कारण मशीन झोपलं तरी बँकेचा हप्ता झोपत नाही. म्हणून तर पिंपरीपासून चाकणपर्यंत थर्ड शिफ्ट चालते.

तुम्ही म्हणाल, लेख गेमिंगवर आणि सुरुवात व्हीएमसीने? पण मित्रांनो, पैसे घेऊन ऑनलाइन गेम खेळवायचा धंदा अगदी याच हिशेबातून जन्माला आला! आज हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत जो मोबाइल गेम चालू असतो, त्याचं मूळ एका रिकाम्या रात्रपाळीत आहे. गेम कसा दिसतो यावर आपण तासन् तास बोलतो. गेमचं मीटर कुठं बसवलंय याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

रात्रपाळीतला कॉम्प्युटर

एकापेक्षा जास्त जणांनी एकाच वेळी खेळायचे कॉम्प्युटर गेम आधी विद्यापीठांत आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' यंत्रणेवर १९७३ मध्ये 'एम्पायर' खेळला जात होता. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. मडमध्ये चित्र नव्हतंच, सगळा कारभार अक्षरांचा. 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं, मग समोर काय आहे त्याचं वर्णन यायचं. आणि हे सगळं फुकट, कारण कॉम्प्युटरचं बिल विद्यापीठ भरायचं. आपल्या लॅबमध्ये सबमिशनच्या नावाखाली जे चालतं त्याची परंपरा किती जुनी आहे बघा!

पैशांचा खेळ सुरू झाला तो कॉम्प्युसर्व्हमुळे. ही कंपनी १९६९ मध्ये ओहायो राज्यातल्या एका विमा कंपनीच्या पोटातून निघाली. तिचे मोठे कॉम्प्युटर दिवसा इतर कंपन्यांना भाड्याने दिले जायचे आणि संध्याकाळनंतर रिकामे पडायचे. मग १९७९ पासून तोच रिकामा वेळ घरगुती ग्राहकांना विकायला काढला. फोनला मोडेम लावा, नंबर फिरवा आणि तासावर पैसे भरा. सरळ सरळ थर्ड शिफ्ट!

लोकांनी त्या वेळात काय केलं? दोन गोष्टी प्रामुख्याने: गप्पा आणि गेम. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या केल्टन फ्लिन आणि जॉन टेलर यांनी 'केस्माय' नावाची कंपनी काढली आणि त्यांचा 'आयलंड ऑफ केस्माय' १९८५ मध्ये कॉम्प्युसर्व्हवर आला. दर साधारण असा: ३०० बॉडच्या मोडेमला तासाला ६ डॉलर, १२०० बॉडला १२ डॉलर. तेव्हा डॉलर होता सुमारे १२ रुपयांना. म्हणजे वेगवान मोडेमवर तासाला जवळजवळ दीडशे रुपये, तेही १९८५ मधले!

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. एक अक्षर पाठवायला साधारण १० बिट लागतात, म्हणजे ३०० बॉडवर सेकंदाला ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे पूर्ण स्क्रीनवर १९२० अक्षरं. ती भरायला ६४ सेकंद! १२०० बॉडवर तेच काम १६ सेकंदांत. दर दुप्पट पण वेग चौपट, म्हणजे एका स्क्रीनमागे महागडं कनेक्शन निम्म्या पैशात पडतं. पण तिथं अक्षरं येत असताना मीटर फिरत असतंच. तुम्ही विचार करताय तरी मीटर, शेजारी पाणी प्यायला उठलाय तरी मीटर.

यातून एक गंमत होते. तासावर पैसे घेणाऱ्या कंपनीला तुम्ही जास्त वेळ बसायला हवे असता. गेम सावकाश चालला तर तिचं काही बिघडत नाही. खेळणाऱ्याला मात्र झटपट आटपायचं असतं. दोघांचं हित नेमकं उलट्या दिशांना.

महिन्याची मेस

मेसचे दोन प्रकार आपल्याला माहीत आहेत. एकीकडे ताटाप्रमाणे पैसे, दुसरीकडे महिन्याचे पैसे आगाऊ. ताटाच्या मेसवाल्याला तुम्ही रोज दोनदा यायला हवे असता. महिन्याच्या मेसवाल्याला तुम्ही शनिवार-रविवार गावाला गेलात की आनंद होतो. जेवण तेच, पण पैसे घ्यायची पद्धत बदलली की काकांची इच्छा बदलते!

ऑनलाइन गेमच्या दुनियेत हा बदल १९९६-९७ मध्ये झाला. एओएल ही अमेरिकेतली मोठी सेवा. तिच्यावर १९९१ पासून 'नेव्हरविंटर नाइट्स' हा चित्रं असलेला गेम तासावर चालत होता. डिसेंबर १९९६ मध्ये एओएलने तासाचा दर काढून टाकला आणि महिन्याला १९.९५ डॉलर, हवं तेवढं वापरा, असं जाहीर केलं. झालं! लोक लाइन सोडेनात आणि नवीन येणाऱ्याला फोनचा एंगेज टोन ऐकू येऊ लागला. रविवारी मेसमध्ये फीस्ट असली की जी रांग लागते, तशीच.

त्याच सुमारास 'मेरिडियन ५९' (१९९६) आणि 'अल्टिमा ऑनलाइन' (सप्टेंबर १९९७) हे महिन्याच्या वर्गणीवरचे गेम आले. अल्टिमाची वर्गणी ९.९५ डॉलर. एक लाख वर्गणीदारांचा टप्पा गाठणारा हा अशा प्रकारचा पहिला गेम. आता कंपनीचं हित बदललं. तुम्ही रोज किती तास बसता यापेक्षा तुम्ही पुढच्या महिन्यात वर्गणी भरता की नाही हे महत्त्वाचं ठरलं. म्हणून मग कधीच न संपणारे गेम बनू लागले. लेव्हल वाढवत राहा, घर बांधा, दोस्तांचा गट करा. गेम सोडायचा म्हणजे दोस्त सोडायचे, अशी गाठ बसली.

आपल्याकडे मीटरवर मीटर

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. ते तासांच्या हिशेबाने विकलं जायचं. त्यावर टेलिफोनची पल्स वेगळी. एकाच खेळाला दोन मीटर! १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, सत्यम इन्फोवे म्हणजे सिफी त्यात पहिली, आणि मग गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले.

मी २००२ मध्ये हॉस्टेलला आलो तेव्हा आकुर्डी-निगडी भागात कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये पडायचे. प्लायवूडची खोकी, त्यात एकेक पीसी, आणि कोपऱ्यात वहीत वेळ लिहिणारा पोऱ्या. इंटरनेटच्या मशीनवर ईमेल आणि रिझल्ट बघणारे, गेमच्या मशीनवर काउंटर स्ट्राइक. हे काउंटर स्ट्राइक मात्र इंटरनेटवर नसायचं. एकाच खोलीतल्या आठ-दहा मशीनच्या लॅनवर चालायचं. असं का? कारण पिंग.

पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेतला सर्व्हर इथून १३ हजार किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन २६ हजार, म्हणजे १३० मिलिसेकंद. ही निसर्गाची किमान फी, कुणीही कमी करू शकत नाही. केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर असतात, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट धरा. निरोप उपग्रहामार्गे गेला तर ३६ हजार किलोमीटर वर, तेवढंच खाली, आणि परत तसंच. एकूण १ लाख ४४ हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद! त्यात डायल-अप मोडेमची भर. अर्ध्या सेकंदात समोरचा गडी गोळी घालून भिंतीआड चहा प्यायला गेलेला असतो. लॅनवर हाच वेळ एक-दोन मिलिसेकंद. आणि हॉस्टेलमध्ये आमची लॅन केबल तर खिडकीतून खिडकीत, फुकट.

जे गेम विलंब सहन करतात ते मात्र इंटरनेटवर चालू शकत होते. माउसने क्लिक केलं, आपला योद्धा चालत गेला, त्यात पाव सेकंद इकडेतिकडे झाला तर कळत नाही. म्हणूनच भारतात पैसे घेऊन आलेले पहिले मोठे ऑनलाइन गेम या जातीचे होते. 'रॅग्नारॉक ऑनलाइन' हा कोरियन गेम २००४ मध्ये लेव्हल अप या कंपनीने भारतात आणला. पाठोपाठ सिफीने 'ए३' हा दुसरा कोरियन गेम आणला. रिलायन्सच्या अनिल अंबानी गटाने २००६ मध्ये 'झपाक' हे गेमिंगचं दुकान थाटलं.

रॅग्नारॉक आणि ए३ या दोघांचे भारतातले सर्व्हर केव्हाच बंद झाले. का? माझं स्वतःचं मत सांगतो. आमच्यासारख्या मुलाला कॅफेचे तासाचे पैसे द्यायचे होते आणि वर गेमचे वेगळे. क्रेडिट कार्ड कुणाकडे नव्हतं. शेजारी लॅनवर दहा दोस्त काउंटर स्ट्राइक खेळतायत, ते सोडून अनोळखी लोकांत जायचं कशाला? २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं, जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, पण तिथंही डेटाला मर्यादा. त्याच्या एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ अमर्याद वापर फुकट होता. ज्यांच्या घरी तो होता त्यांना रात्रीचे अलार्म आठवत असतील! बघा, पुन्हा तीच रिकामी रात्रपाळी. कॉम्प्युसर्व्हचीच युक्ती, पंचवीस वर्षांनी आपल्या दारात.

फुकट ताट, विकतचा पापड

तिसरी पद्धत कोरियात रुजली. तिथं 'लिनिएज' (१९९८) सारखे गेम गल्लीतल्या 'पीसी बांग' म्हणजे गेमिंग कॅफेत वाढले. नेक्सॉन कंपनीच्या 'क्विझक्विझ' (१९९९) या गेमने पुढे वर्गणी सोडून दिली आणि खेळाडूच्या पात्राचे कपडे, वस्तू विकायला सुरुवात केली. ताट फुकट, पापड-लोणचं-गुलाबजाम विकत. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण आज जवळजवळ सगळं मोबाइल गेमिंग यावरच उभं आहे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला, आणि चाकणच्या कंपनी बसमध्ये शिफ्ट सुटल्यावर चार जण एका मोबाइलवर डोकं घालून बसलेले मी स्वतः बघितलेत. आपल्या पुण्यातल्या सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला, तोही फुकट प्रवेशाचा.

फुकट ताटात गैर काही नाही. पण इथं मीटर डोळ्यांसमोर नसतं. जाहिरात बघताना तुमचा वेळ मोजला जातो. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, हेही मीटरच. बहुसंख्य लोक एक पैसा देत नाहीत आणि थोडे लोक खूप देतात, त्या थोड्यांवर दुकान चालतं.

आणि याच वेशात चौथा प्रकार घुसला: पैसे लावून खेळायचा. रमी, पोकर वगैरे. इथं गुलाबजामऐवजी जुगार आहे. आमच्या हॉस्टेलवर एका गुणी मुलाने दोन महिन्यांचे मेसचे पैसे एका पत्त्यांच्या ॲपवर घालवले. घरी सांगायची सोय नाही, म्हणून मित्रांकडून उसने घेतले, तेही तिथंच गेले. वडील कंपनीत ओव्हरटाइम करून पैसे पाठवत होते. शेवटी मित्रांनीच वर्गणी काढून त्याची मेस चालू ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पण नवीन नावाने, नवीन लिंकने काही ना काही येत राहतंच. कायदा गेटवर उभा राहील, खोलीत आपणच असतो.

बसण्यापूर्वी तीन प्रश्न

मी काही गेम सोडा म्हणणारा माणूस नाही. नेटवर्किंग मी वर्गापेक्षा हॉस्टेलच्या लॅनवर जास्त शिकलो आणि आज त्यावरच पोट भरतंय. फक्त कुठलाही गेम टाकताना तीन प्रश्न विचारा.

१. या कंपनीला पैसे कशातून मिळतात: तासातून, महिन्यातून, वस्तूंतून, जाहिरातीतून, की माझ्या हरण्यातून? शेवटचं उत्तर आलं तर तिथंच उठा.

२. मी जास्त वेळ बसलो तर फायदा कुणाचा?

३. उद्या खेळलो नाही तर माझं काय बिघडेल असं हा गेम मला सांगतो?

१९८५ मधला खेळाडू एका अर्थाने नशीबवान. तासाला बारा डॉलर जातायत हे त्याला दिसत होतं, म्हणून तो वेळेवर उठायचा. आपल्याकडे रिक्षात बसण्याआधी आपण विचारतोच ना, "मीटरने येणार का?" तोच प्रश्न मोबाइललाही विचारा. आणि शंका आली तर लॅबमध्ये या. पिंग कसा मोजायचा तेही दाखवीन!